हॅना वाक्रुळकरचा शनिवार

कंटेनरला तोंड नसतं, नुसती पाठ असते. दोन दारं, उभे दांडे, एक सील आणि वर रंगवलेली अक्षरं आणि आकडे. उलव्याच्या पुढे, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका यार्डाच्या ऑफिसात बसून हॅना वाक्रुळकर ती अक्षरं आणि ते आकडे कॉम्प्युटरवर चढवायची. अमुक बॉक्स आत आला. अमुक बॉक्स बाहेर गेला. दहा वर्षं तिने हेच केलं. जगातल्या कुठल्या कुठल्या बंदरांवरचा माल तिच्या खिडकीसमोरून गेला, पण एकाही दाराच्या आत तिने डोकावून पाहिलं नव्हतं. तिची मुलगी लियोरा लहान असताना विचारायची, "आई, त्या डब्यांत काय असतं?" हॅना सांगायची, "सामान." मग तिला वाटायचं, आपल्या आत काय आहे असं कुणी विचारलं, तर आपल्याला हेच उत्तर द्यावं लागेल.

सुकापूरच्या एका चार मजली इमारतीत ती, लियोरा आणि हॅनाचे वडील आयझॅक असे तिघं राहत. दाराच्या चौकटीला तिरपी बसवलेली छोटी मेजुजा, धर्मवचनांची डबी, होती. येताजाता तिला बोट लावायचं आणि ते बोट ओठांना लावायचं. इमारतीत आणखी कुणाच्या दाराला ती नव्हती. पनवेलचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, एकेक घर करत निघून गेले होते. त्यांचे पूर्वज तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. घाणे गेले, माणसं गेली, शनिवार तेवढा मागे राहिला. जुन्या पनवेलातल्या सिनेगॉगमध्ये शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतीच्या शनिवारच्या, सकाळी जमणारी मंडळी जुन्या ग्रुप फोटोसारखी झाली होती. प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि वर्षागणिक त्यातली एखादी रिकामी.

हॅनाचा नवरा रुबेनही गेलेल्यांतलाच. अश्दोदला म्हाताऱ्यांची देखभाल करायचं काम मिळालं, घर लागलं की तुम्हा दोघींना बोलावतो, असं सांगून गेला. घर लागलं. बोलावण्याऐवजी घटस्फोटाचे कागद आले. लियोरा तेव्हा नुकती बोलायला शिकत होती. हॅनाने यार्डातली नोकरी धरली ती त्याच महिन्यात.

त्याआधी ती वनस्पतिशास्त्र शिकत होती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात लग्न ठरलं आणि वर्ष अर्ध्यावर सुटलं. हा विषय तिने का घेतला, असं कुणी विचारलं तर ती मलिद्याच्या ताटाची गोष्ट सांगायची. नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, भोवती फळं. लहानपणी तिने एकदा ताटातली फळं लावताना केळं सफरचंदाशेजारी ठेवलं होतं. आयझॅकने ते उचलून पलीकडे ठेवलं. झाडाच्या फळांचा आशीर्वाद वेगळा आणि जमिनीतून येणाऱ्यांचा वेगळा म्हणायचा असतो.

"केळं जमिनीचं," ते म्हणाले होते.

"केळीचं झाड एवढं मोठं असतं की पप्पा!"

"ते झाड नव्हे. ते पानांचं सोंग आहे. खोड खाली मातीत असतं."

दिसतं ते खोड नसतं, हे त्या वयात कळल्यावर ती पुढे अनेक दिवस बिचकून केळीकडे बघत असे.

नोकरी सुटायला कारण झालं ते एक क्षुल्लक रोपटं. दुपारी जेवून ती यार्डात उन्हात उभी होती. कित्येक महिने एका जागी पडून राहिलेल्या कंटेनरच्या दारातल्या रबरी पट्टीत धूळ साचली होती आणि तिच्यातून एक रोप बाहेर आलं होतं. लांब बारीक देठ, टोकाला एकच फूल. मध्ये पिवळं, भोवती मळकट पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दात. गावातली पोरं खरचटलं की याचा पाला चोळून लावतात. दगडीपाला. पण दुसरं नाव, शास्त्रातलं, जे पहिल्या वर्षाला पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवतात, ते तिला आठवेना. तिने डोळे मिटले. पान आठवलं, फुलाचा उभा छेद आठवला, वहीत काढलेली आकृतीही आठवली. आकृतीखालची ओळ कोरी होती.

फोनवर दोन शब्द टाकले असते तर नाव मिळालं असतं. तिने टाकले नाहीत. दुपारभर ती बॉक्सचे नंबर चढवत राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की सकाळपासूनचे सगळे नंबर आपल्याला न बघता म्हणता येतायत. हे कुणी आपल्याला विचारणार नाही, आणि आपल्याला दुसरं काही येत नाही. एवढंच तिला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी घरी कांदा चिरताना नाव आपोआप आलं. ट्रायडॅक्स. तिने सुरी खाली ठेवली. त्या नावामागून फॉर्मॅलिनचा वास आला, खिडकीतल्या उजेडाकडे वळवलेला सूक्ष्मदर्शकाचा आरसा आला, आणि त्या आरशात बघणारी एक वीस वर्षांची मुलगी आली. ती हॅनाला ओळखेना.

महिनाअखेरीला तिने राजीनामा दिला. यार्डाचा इनचार्ज कल्पेश हा उलव्याचाच. त्याच्या घरची जमीन विमानतळाला गेली होती.

"हॅनाताय, डोकं ठिकानावर हाय ना? या वयात कॉलेज? पोरगी नि आय दोघी डबा घेऊन एका रिक्षात बसनार काय?"

"बसू की. भाडं वाचेल."

"मस्करी नाय करत. पानाफुलांचं शिकून कोन नोकरी देनार हाय तुमाला? हितं बगा, झाड हाय का कुठं एक तरी?"

"एक होतं. त्या चोवीस नंबरच्या रांगेत. कालच कुणीतरी उपटलं."

कल्पेशने राजीनाम्याच्या कागदाची घडी केली. मग म्हणाला, "आमी जमीन सोडली तवा आमाला कोनी इचारलं नाय. तुमी आपल्या मनानं सोडता. जावा. पन परत आलात तर खुर्ची असंल का ते नाय सांगता येत."

घर आयझॅकच्या पेन्शनवर आणि हॅनाच्या शिकवण्यांवर चालायचं ठरलं. पोस्टातून निवृत्त झालेले आयझॅक बोलायला कमी. त्यांनी विचारलं ते एवढंच, "म्हणजे आता शनिवारी घरी असशील?"

यार्डाला शनिवारी सुट्टी नव्हती. दहा वर्षं शब्बाथच्या सकाळी हॅना कंपनीच्या बसने जात होती आणि आयझॅक पायी सिनेगॉगला. ते शब्बाथला वाहनात बसत नसत, लिफ्ट सोडून जिन्याने उतरत, रस्त्याने हातात काही नेत नसत, कारण ओझं वाहणं हेही मना केलेलं काम. घराची किल्ली शेजारच्या मालूकाकूंकडे ठेवायची आणि रुमाल मनगटाला बांधायचा, म्हणजे तो कपड्यात धरला जातो, सामानात नाही. मुलीच्या नोकरीबद्दल ते कधीच बोलले नव्हते. पण प्रत्येक शुक्रवारी दिवे लागताना, शब्बाथ सुरू होतो तेव्हा, ते तिच्या कामाच्या पिशवीवर एक पंचा टाकून ठेवत.

सुटलेलं वर्ष पुन्हा करायला विद्यापीठाची परवानगी हवी होती. ती येत नव्हती. तेव्हा हॅना, लियोरा आणि आयझॅक अलिबागजवळच्या खंडाळ्याला गेले. तिथे खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाची खूण आहे, घोड्याच्या टापा आहेत असं मानतात. लोक तिथे नवस बोलतात. हॅनाने खडकावर हात ठेवला आणि वडिलांना ऐकू येईल अशा आवाजात म्हटलं, "मला माझं वर्ष परत मिळू दे. यापुढे शब्बाथला मी हाताने काम करणार नाही."

बोलताना तिला वाटलं होतं, आपण सुटलेली गोष्टच देतोय. नोकरी तर गेलीच आहे. हा शब्द स्वस्तात पडेल, असं तिच्या मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात होतं. नंतर तिला सर्वांत जास्त लाज याचीच वाटली.

परवानगी आली, फक्त त्या एका वर्षापुरती. पुढच्या वर्षीपासून अभ्यासक्रम बदलणार होता. आयझॅकने घरी मलिदा केला, सिनेगॉगमधली मंडळी बोलावली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या मुलीचा शनिवार परत आला." म्हाताऱ्या माणसांनी एकेक करून हॅनाच्या डोक्यावर हात ठेवला. एकाचे डोळे भरून आले. त्याची तिन्ही मुलं परदेशात होती.

कॉलेज नवीन पनवेलात, घरापासून चालत जाण्यासारखं. वर्गातली मुलं तिला आधी मॅडम समजून उभी राहिली, मग हसली, मग ताई म्हणायला लागली. अनुष्का नावाची मुलगी तिच्या टेबलाला होती. छेद कापताना तिचा हात नेहमी जड पडायचा.

"हॅनाताई, तुम्ही एवढं पातळ कसं कापता? माझी तर नुसती भाजी होते."

"ब्लेड दाबायचं नाही. ओढायचं. आणि श्वास सोडताना ओढायचं."

"श्वासाकडे बघू की ब्लेडकडे! मला तर आईने भाजी चिरायलाही बंदी केलीये."

गाजराच्या खाचेत कोवळं खोड धरायचं, ब्लेडने त्याची चकती काढायची. इतकी पातळ, की पाण्यात पडल्यावर ती नुसती ओली सावली दिसावी. मग सॅफ्रॅनिनचा लाल थेंब. काचेखाली ठेवलं की त्या सावलीत शहर उभं राहतं: भिंती, नळ्या, चौक. हॅना तासच्या तास बघत बसायची. दहा वर्षं बंद दारांसमोर बसल्यावर कुठल्याही गोष्टीच्या आत कितीही बघितलं तरी तिला पुरत नव्हतं.

परीक्षेच्या आधी प्रॅक्टिकलचं वेळापत्रक लागलं. हॅनाची तुकडी शनिवारी.

तिने फलकासमोर उभं राहून ते पुन्हा पुन्हा वाचलं. अनुष्का सोमवारच्या तुकडीत होती. "आपण बदलून घेऊ ना ताई, त्यात काय!" म्हणत तीच हॅनाला विभागप्रमुखांकडे घेऊन गेली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. बाहेरच्या परीक्षकांकडे आसन क्रमांक गेले होते. आता एकालाही हलवता येत नव्हतं.

"अडचण नेमकी काय आहे?" त्यांनी विचारलं.

"शनिवार," हॅना म्हणाली. एवढ्या एका शब्दात सगळं सांगून झालं असं तिला वाटलं, आणि समोरच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

बाहेर आल्यावर अनुष्का म्हणाली, "पण एक दिवस नाही पाळला तर देव काय नाव कमी करतो का हजेरीतून?"

घरी तिने जेवताना सांगितलं. आयझॅकने घास खाली ठेवला.

"काय काय असतं त्यात?"

"खोड कापायचं. रंगवायचं. आकृती काढायची, लिहायचं."

"कापणं, रंगवणं, लिहिणं," आयझॅक म्हणाले. "मना केलेली कामं जणू बघून बघून काढलीयेत." ते हसले नाहीत. "पुढच्या वर्षी दे."

"पुढच्या वर्षी नाहीये, पप्पा. हे माहीत आहे तुम्हाला."

"खडकावर हात ठेवून बोलली आहेस. मी तिथे उभा होतो."

"दहा वर्षं शनिवारी बोटं झिजवली यार्डात. तेव्हा एक शब्द बोलला नाहीत."

"ते पोटासाठी होतं. पोटाला माफी असते."

"आणि हे?"

आयझॅकने ताट पुढे सरकवलं. खरं बोलायची त्यांना सवय होती, म्हणून ते म्हणाले, "हे तुझ्यासाठी आहे."

हॅना उठली आणि ताटं गोळा करू लागली. वडील कठोर बोलले असते तर तिला भांडता आलं असतं. पण ते नुसतं वस्तू बघून तिचं नाव सांगावं तसे बोलले होते. तिच्या आयुष्यात आजवर जे जे मोडलं गेलं ते कुणाच्या ना कुणाच्या पोटासाठी, आणि त्या सगळ्याला माफी होती. स्वतःसाठी मोडायची ही पहिलीच वेळ, आणि तिला माफीची जागाच ठेवलेली नव्हती.

पुढचे दिवस घरात परीक्षेचं कुणी बोललं नाही. शुक्रवारी संध्याकाळी हॅनाने नेहमीसारखे शब्बाथचे दिवे लावले, हातांनी डोळे झाकले. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ तशी उभी राहिली. काळ्या मनुकांच्या सरबताच्या पेल्यावर आयझॅकने किद्दुश, शब्बाथच्या स्वागताचा आशीर्वाद, म्हटला. ब्लेड, सुया, कुंचला ठेवलेली पत्र्याची पेटी टेबलावर होती. तिच्यावर त्या दिवशी त्यांनी पंचा टाकला नाही. विसरले की मुद्दाम, ते हॅनाला कळेना.

सकाळी लियोराने विचारलं, "नाना, मी तुमच्याबरोबर येऊ की आईबरोबर?"

आयझॅक मनगटाला रुमाल बांधत होते. "कॉलेजपर्यंत रस्ता एकच आहे," ते म्हणाले.

तिघंही जिन्याने उतरली. हॅनाने रिक्षा केली नाही, तेवढं तिला पाळता येत होतं. सुकापूरच्या रस्त्याला वर्दळ होती. अर्धवट इमारतींवर माणसं चढलेली, सिमेंटचे मिक्सर फिरत होते. इथे शनिवार कुणीच पाळत नव्हतं. लियोरा पुढे, मागे ती दोघं. हॅनाच्या काखेत पॅड आणि हातात पेटी. पाऊल पडेल तशी पेटीतली हत्यारं वाजायची. तो आवाज तिला सहन होईना, म्हणून ती पेटी छातीशी दाबून चालू लागली. आयझॅक मोकळ्या हातांनी चालत होते, दरवेळी चालत तसेच, हात मागे बांधून.

पुलाच्या अलीकडे ते थांबले आणि त्यांनी हात पुढे केला.

"दे ती."

"जड नाहीये, पप्पा."

"माहीत आहे."

हॅना उभी राहिली. लियोराही वळून बघत राहिली, कारण शनिवारी रस्त्यात नानांच्या हातात तिने कधी काहीच पाहिलं नव्हतं. आयझॅकने पेटी घेतली. ती कशी धरावी ते त्यांना लगेच सुचलं नाही. आधी एका हातात, मग दोन्ही हातांत धरून ते चालू लागले. पेटी वाजायची थांबली.

कॉलेजच्या फाटकाशी त्यांनी ती परत दिली. हॅनाला वाटलं, निदान नीट कर असं म्हणतील. त्यांनी मोकळे झालेले हात एकदा सदऱ्याला पुसले आणि लियोराला घेऊन जुन्या पनवेलच्या दिशेने निघून गेले.

त्या सकाळी सिनेगॉगमध्ये आयझॅक पुढे उभे राहिले नाहीत, असं लियोराने नंतर सांगितलं. प्रार्थना नेहमी तेच सांगत. त्या दिवशी ते मागच्या बाकावर बसले. का, असं कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "आज मी ओझं उचलून आलोय." विचारणाऱ्याला वाटलं पाठ धरली असेल, म्हणून त्याने मलम सुचवलं.

प्रयोगशाळेत हॅनासमोर एक अनोळखी खोड ठेवलं होतं. उत्तरपत्रिकेवर आसन क्रमांक लिहायला पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. पर्यवेक्षक जवळ आले. "काय झालं? नंबर आठवत नाही का?" नंबर ती झोपेतही सांगू शकली असती. आतापर्यंत फक्त यायचं होतं. मोडायचं ते इथून पुढे होतं. तिने लिहिलं. मग ब्लेड उचललं. पहिले छेद जाड आले, दुसरे तिरके. अनुष्काला सांगितलेलं तिला आठवलं, आणि तिने श्वास सोडला. एक चकती पाण्यात पडली आणि दिसेनाशी झाली. तीच हवी होती. सॅफ्रॅनिनच्या बाटलीचं बूच झटक्यात निघालं आणि लाल रंग बोटांवर सांडला, नखांच्या कडांत उतरला. तिने तो पुसायचा प्रयत्न केला नाही. सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याला डोळा लावला आणि मग बराच वेळ तिला शनिवार आठवला नाही.

निकाल पावसाळ्यात लागला. हॅना पास झाली. दुसरा वर्ग. विचुंब्याच्या एका शाळेत ती आता विज्ञान शिकवते, आणि ती शाळा शनिवारीही भरते. पण तिच्या घरात त्या वर्षाचा विषय निघाला, की निकालाबद्दल कुणी बोलत नाही. आठवते ती परीक्षेच्या त्याच शनिवारची संध्याकाळ.

ती परतली तेव्हा आयझॅक आणि लियोरा गच्चीवर होते. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. पण आता विमानतळाच्या बाजूने सारखे दिवे वर येतात, आणि पनवेलच्या आकाशात ताऱ्यावर भरवसा राहिलेला नाही.

"तो एक!" लियोरा म्हणाली.

"हलतोय," आयझॅक म्हणाले. "तो नव्हे. थांब."

हॅना येऊन कठड्याशी उभी राहिली. हात तिने ओढणीत गुंडाळले होते. तिघंही वर बघत राहिली. न हलणारा पहिला दिवा सापडला, मग दुसरा. तिसऱ्याला वेळ लागला.

खाली घरात दिवा न लावता आयझॅकने शब्बाथला निरोप द्यायची तयारी केली. पेला भरला. सब्जाची डहाळी प्रत्येकाच्या नाकाशी नेली. दोन मेणबत्त्या जवळ धरून त्यांची एकच ज्योत केली आणि ती लियोराच्या हातात दिली. या वेळी ज्योतीपुढे बोटं धरायची असतात आणि नखांवर पडलेला उजेड बघायचा असतो. आठवडाभराच्या कामाला हात पुन्हा मोकळे झाले, याची ती खूण. आयझॅकने आपली बोटं धरली. लियोराने मोकळ्या हाताची धरली. हॅनाचे हात ओढणीतच होते.

"हॅना," आयझॅक म्हणाले.

तिने हात बाहेर काढले. ज्योतीत तिची नखं लाल दिसली. कडांत, कातड्याच्या बारीक भेगांत, सगळीकडे रंग शिरला होता. लियोराने ज्योत जवळ नेली. आयझॅक वाकून बघू लागले, पोस्टात पुसट पत्ता वाचताना वाकत असत तसे. त्यांनी एकेक बोट हातात धरून पाहिलं.

"जाईल का हा?"

"जाईल. तीन-चार दिवसांनी."

"घासू नकोस," ते म्हणाले. "आपोआप जाऊ दे."

मग पवित्र आणि साधं, उजेड आणि अंधार, सातवा दिवस आणि कामाचे सहा दिवस यांना वेगळं करणाऱ्याचा आशीर्वाद त्यांनी म्हटला. हॅनाचं बोट त्यांच्या हातात तसंच होतं. शेवटी लियोराने मेणबत्त्या पेल्यातल्या सरबतात बुडवल्या. चर्र आवाज झाला, आणि त्या अंधारात क्षणभर कुणाचीच नखं दिसेनाशी झाली.